मदत हवी आहे: गाठोडं उचललं की लघवी सुटते

वय 44, यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, तीन बाळंतपणं. शिंकलं-खोकललं की दोन थेंब जायचे, ते तिसऱ्या खेपेपासूनच. त्याचं काही वाटत नव्हतं. पण औंदा वेचणीत ओटी रिकामी करून कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलं की परकर ओला. बाया संगं असतात, म्हणून मी गडद परकर घालते अन् सगळ्यांच्या मागून चालते.

दुसरं म्हणजे, वावरात दिवसभर धरवते, पण घरी येऊन कडीला हात लावला की अशी घाई होते की मोरीपर्यंत पोचत नाही.

उपाय म्हणून पाणीच तोडलं. सकाळी भरून नेलेली बाटली संध्याकाळी तशीच परत येते. मागच्या आठवड्यात चक्कर आली, घरी ऊन लागलं म्हणून सांगितलं. दवाखान्यात 'वयानं होतं' म्हणाले, लघवीसुद्धा तपासली नाही. हे दोन आजार का एकच? व्यायाम नेमका कसा करायचा?

प्रतिसाद: ताई, मी सिस्टर होते, आता निवृत्त. दोन्ही प्रकार तुम्हाला एकत्र आहेत, असं पुष्कळ बायांना असतं. वजन उचलताना सुटते ती ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्यानं. कडीपाशी येते ती घाई, म्हणजे मूत्राशय अवेळी आवळतं. पाणी तोडू नका. लघवी घट्ट झाली की मूत्राशय जास्तच चिडतं. चहा मात्र कमी करा.

वायू अडवताना जे आवळतो, तेच आवळायचं. पोट, मांड्या ढिल्या, श्वास चालू. 5 सेकंद आवळा, तेवढंच सोडा, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. लघवी मधेच अडवून सराव करू नका. निदान 3 महिने धीर धरा. गाठोडं उचलायच्या आधी आवळून मगच उठा. कडीपाशी घाई आली तर धावू नका, उभं राहून आवळा, लाट ओसरू द्या. लघवी आणि साखर तपासून घ्याच.

धागाकर्ती: बाई, एक लाजेनं लिहिलं नव्हतं. संध्याकाळी खाली काही उतरल्यासारखं हाताला लागते.

प्रतिसाद: मग अंग उतरलंय का ते आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. तसं असलं तरी लगेच ऑपरेशनच असं नाही, आत बसवायची रिंगही असते. तोवर जड गाठोडं उचलू नका, दोन छोटी बांधा.