मदत हवी आहे : घरी केलेले रिफ्राइड बीन्स रवाळ राहतात आणि गार होताच घट्ट होतात

रानजाई :
गेले काही आठवडे मी घरी रिफ्राइड बीन्स (शिजवून, ठेचून परतलेले मेक्सिकन बीन्स) करून पाहते आहे आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडकते आहे. बीन्स रात्रभर भिजवते, कुकरमध्ये शिजवते, तेलात कांदा-लसूण परतून त्यात बीन्स घालते आणि मॅशरने ठेचते. तरीही मिश्रण एकजीव होत नाही, रवाळ राहते, सालींचे तुकडे जिभेला लागतात, आणि वाढून पाच मिनिटे होत नाहीत तोच त्याचा असा घट्ट गोळा होतो की टोर्टियावर, म्हणजे मेक्सिकन पोळीवर, पसरवायला जावे तर टोर्टियाच फाटते. शनिवारी पाहुणे येणार आहेत आणि मला हाच पदार्थ करायचा आहे. नेमके काय बदलायचे तेवढेच कृपया सांगावे. डब्यातले तयार बीन्स आणा हा सल्ला मात्र नको.

चुलीपाशी :
बीन्स कोणते, हे तुम्ही लिहिलेलेच नाही. मेक्सिकोच्या उत्तर भागात रिफ्राइड बीन्ससाठी बहुधा पिंटो वापरतात, तर वेराक्रूझ, ओआहाका आणि युकातानकडे काळे बीन्स. दोन्हींची साल आणि पोत निराळे असतात, त्यामुळे एकाचा सल्ला दुसऱ्याला तंतोतंत लागू पडत नाही. शिवाय किती वेळ शिजवता, शिजवल्यावरच्या पाण्याचे काय करता, मीठ केव्हा घालता आणि घरचे पाणी जड, म्हणजे क्षारांचे, आहे का, हेही सांगा. एवढे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंधारात तीर मारणे होईल.

तांबडफुटी :
माझ्या मते अडचण तेलात आहे. हा पदार्थ परंपरेने डुकराच्या चरबीत होतो आणि त्याला जो गुळगुळीतपणा येतो तो चरबीचाच असतो. घरी मंद आचेवर कढवलेली ताजी चरबी घ्या. पुड्यात मिळणारी पांढरीशुभ्र, हायड्रोजन घालून घट्ट केलेली चरबी घेऊ नका, कारण तिला स्वाद नसतो. तीन कप शिजलेल्या बीन्सना तीन ते चार मोठे चमचे चरबी लागते. बहुतेक लोक यात हात आखडता घेतात आणि मग बीन्स कोरडे झाले म्हणून तक्रार करतात.

मोजमाप :
तांबडफुटी, चरबीने स्वाद येतो आणि थोडा तुकतुकीतपणाही येतो, हे मान्य. पण आतून कच्चट राहिलेला दाणा चरबीत कितीही परतला तरी मऊ होणार नाही. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. ते पेक्टिन पाण्यात, उष्णतेने विरघळले की पेशी सुट्या होतात आणि तेव्हाच मिश्रण मुलायम लागते. हे काम भांड्यातच पूर्ण व्हायला हवे. कढईत गेल्यावर उरतो तो फक्त खमंगपणा आणि दाटपणा. मिश्रण रवाळ आहे, याचा अर्थ बीन्स पुरते शिजलेले नाहीत. तेल बदलून ते शिजणार नाहीत.

तांबडफुटी :
मी वर्षानुवर्षे चरबीत करतो आहे आणि माझे बीन्स कधी रवाळ झालेले नाहीत.

मोजमाप :
कारण तुमचे बीन्स कढईत जाण्याआधीच नीट शिजलेले असतात.

रानजाई :
बीन्स पिंटोच आहेत, तपकिरी ठिपक्यांचे. कुकरच्या चार शिट्ट्या करते. शिजवल्यावरचे पाणी ओतून देते, कारण त्याने पोटात वायू होतो असे वाचले होते. मीठ आधी घातले तर बीन्स कडक राहतात असे सगळेच सांगतात, म्हणून ते अगदी शेवटी घालते. पाण्याचे म्हणाल तर भांड्यांवर पांढरे थर बसतात, म्हणजे जडच असावे. आता तरी उपाय सांगा.

सातवीण :
उपाय अगदी सोपा आहे : खाण्याचा सोडा. पाव किलो कोरड्या बीन्सना पाव लहान चमचा सोडा शिजवायच्या पाण्यात टाका. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला धरून ठेवतात, त्यामुळे ते विरघळत नाही. सोड्याने पाणी अल्कधर्मी झाले की पेक्टिन झपाट्याने सुटते. मी सोड्याशिवाय बीन्स शिजवतच नाही. जुना, वर्षभर पडून राहिलेला मालही यामुळे शिजतो.

मोजमाप :
सोड्याचे प्रमाण जरा जरी चुकले तरी साबणासारखी चव येते आणि बीन्सचा मूळ गोडवा हरवतो. त्यापेक्षा मिठाच्या पाण्यात भिजवणे चांगले. एक लिटर पाण्याला साधारण १५ ग्रॅम मीठ घालून बीन्स ८ ते १२ तास भिजवावेत, मग ते पाणी टाकून, बीन्स खळखळून धुऊन ताज्या पाण्यात शिजवावेत. मिठातले सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेते, म्हणून साल लवचीक होते आणि शिजताना फाटून वेगळी निघत नाही. मीठ आधी घातल्याने बीन्स कडक राहतात हा समज पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. प्रत्यक्षात घडते ते उलट. जिभेला लागणाऱ्या सालींवर मला याहून चांगला इलाज ठाऊक नाही.

सातवीण :
पाव चमच्याने साबणासारखी चव येत नाही. ती चमचाभर टाकणाऱ्यांना येते. आणि मिठाने साल मऊ होईलही, पण माल जुना असेल तर आतला गर त्याने शिजणार नाही. उष्ण आणि दमट जागी साठवलेल्या बीन्समध्ये असे बदल होतात की ते तासन्‌तास उकळूनही टणकच राहतात. तिथे सोडाच उपयोगी पडतो.

उंबरठा :
सुरक्षिततेची एक गोष्ट कोणीच सांगितली नाही, म्हणून लिहितो. कच्च्या बीन्समध्ये फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचे प्रथिन, असते. लाल राजम्यात ते सर्वांत जास्त, पिंटोमध्ये कमी, पण सावधगिरी सर्वांनाच लागू आहे. अर्धवट शिजलेल्या लाल राजम्याचे चार-पाच दाणेही उलट्या आणि जुलाब होण्यास पुरेसे ठरू शकतात. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, म्हणजे स्लो कुकरमध्ये, तापमान अनेकदा उकळीपर्यंत पोहोचतच नाही, आणि ८० अंशांच्या आसपास तापलेले बीन्स कच्च्यापेक्षाही अधिक विषारी असू शकतात. म्हणून बीन्स किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात खळखळ उकळलेच पाहिजेत. दहा मिनिटांची उकळी शास्त्रीयदृष्ट्या पुरते, पण अर्धा तास उकळणे अधिक खात्रीचे.

रानजाई :
मी स्लो कुकर वापरतच नाही. साधा शिट्टीचा कुकर आहे, आणि आजवर कोणाला त्रासही झालेला नाही. कृपया मूळ प्रश्नाकडे या.

चुलीपाशी :
रानजाई, शिजवल्यावरचे पाणी तुम्ही ओतून देता, इथेच तुमचा अर्धा प्रश्न आहे. भिजवण्याचे पाणी टाकणे वेगळे आणि शिजवण्याचे टाकणे वेगळे. शिजवण्याच्या पाण्यात सुटलेला स्टार्च आणि सगळा स्वाद उतरलेला असतो. मेक्सिकोत आधी ‘फ्रिहोलेस दे ओया’, म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेले रसदार बीन्स करतात आणि रिफ्राइड बीन्स बहुधा त्यातूनच, त्याच रसासकट करतात. हा रस ओतून दिल्यावर ठेचलेल्या बीन्सना सैल करायला उरते काय? ते घट्टच होणार.

पण त्याने रवाळपणाचा उलगडा होत नाही. शिजताना कुकरमध्ये बीन्स आणि पाणी यांखेरीज आणखी काय घालता, ते सांगाल का?

रानजाई :
दोन चिरलेले टोमॅटो, एक कांदा, लसूण, सुकी मिरची आणि चमचाभर व्हिनेगर. जी पाककृती पाहून करते तिच्यात सगळे एकदमच घालायला सांगितले आहे. त्याचा काही संबंध आहे का?

मोजमाप :
थेट संबंध आहे. आम्लामुळे पेक्टिन स्थिर राहते आणि विरघळत नाही. जड पाणी, वर टोमॅटो, वर व्हिनेगर : तिन्ही गोष्टी बीन्सना टणक ठेवणाऱ्याच.

सातवीण :
आणि सोडा घातला असता तरी तो त्या व्हिनेगरने निष्प्रभ केला असता. म्हणजे आधी आम्ल काढा, मग सोड्याचा विचार करा. एवढ्यापुरते मोजमाप यांच्याशी मी सहमत आहे.

पानगळ :
बीन्समध्ये जिरे घालता की नाही? जिऱ्यांशिवाय तो मेक्सिकन स्वाद येत नाही, असे मला वाटते.

तांबडफुटी :
जिऱ्यांचा तो ठसठशीत स्वाद टेक्सासकडच्या, टेक्स-मेक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा. मेक्सिकोतल्या घरगुती बीन्समध्ये बहुतेक वेळा कांदा, लसूण, मीठ आणि चरबी एवढेच असते. दक्षिणेकडे काळ्या बीन्समध्ये एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत टाकतात, आणि ओआहाकाकडे अॅव्होकाडोच्या एका जातीची सुकी पाने भाजून घालतात, त्यांना बडीशेपेसारखा वास असतो. उत्तरेत सोनोराकडे भरपूर चीज घोटून ‘फ्रिहोलेस मानेआदोस’ करतात, तर सिनालोआच्या बाजूला चोरिसो (डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज) घातलेले ‘फ्रिहोलेस पुएर्कोस’. या सगळ्यांत चरबी हवीच, हे मात्र पुन्हा सांगतो.

सातवीण :
मॅशरऐवजी मिक्सरमधून काढा, म्हणजे सालींचा प्रश्नच मिटेल.

मोजमाप :
पिंटोचे मिक्सरमध्ये करू नये. पात्याने पेशी फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि मिश्रण चिकट लगद्यासारखे होते. गार झाल्यावर तर ते आणखीच घट्ट बसते. मॅशरने गरम असतानाच दाबले तर पेशी न फुटता सुट्या होतात.

तांबडफुटी :
युकातानमध्ये काळे बीन्स वाटून, गाळून मगच चरबीत परततात. त्यांना ‘फ्रिहोलेस कोलादोस’ म्हणतात आणि ते मुलायमच असतात. तेव्हा वाटणे सरसकट चूक ठरत नाही. फक्त वाटताना रस सढळ हाताने घालावा लागतो आणि नंतर कढईत तो संयमाने आटवावा लागतो.

रानजाई :
मी मॅशरच वापरणार आहे. आता कोणीतरी सगळे एकत्र, क्रमाने सांगाल का? आणि कालचे अर्धकच्चे बीन्स फ्रिजमध्ये आहेत, ते वाचतील का?

चुलीपाशी :
कालचे आधी पाहू. ते अजून ठेचलेले नसतील तर वाचतील. टोमॅटोचे तुकडे वेचून टाका, बीन्स धुऊन घ्या, शक्य असेल तर गाळलेल्या हलक्या पाण्यात चिमूटभर सोडा घालून पुन्हा शिजवा. सोड्याला माझा एरवी विरोध नाही आणि आग्रहही नाही, पण इथे त्याचे खरोखर काम आहे.

नव्याने करताना बीन्स मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, धुवा, आणि कुकरमध्ये फक्त ताजे पाणी, अर्धा कांदा, लसणाच्या दोन-तीन पाकळ्या आणि थोडे मीठ एवढेच घाला. पाणी बीन्सच्या वर तीन-चार सेंटीमीटर असावे, पण कुकर अर्ध्याहून जास्त भरू नये, कारण बीन्सचा फेस वर येऊन शिट्टीचे छिद्र तुंबवू शकतो; चमचाभर तेल टाकले तर फेस कमी येतो. शिट्ट्या मोजू नका. प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळ्या वेळाने होते, त्यामुळे चार शिट्ट्यांवरून काहीच कळत नाही. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून वीस मिनिटे ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. मग भांड्यात वेगवेगळ्या ठिकाणचे पाच-सहा दाणे काढून जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबून पाहा. दात न लावता प्रत्येक दाणा पूर्ण विरघळला पाहिजे. एक जरी आतून पिठूळ लागला तर पुन्हा दहा मिनिटे ठेवा. यात तडजोड करू नका, कारण कढईत ही उणीव भरून निघत नाही.

आता रस एका भांड्यात गाळून बाजूला ठेवा. जाड बुडाच्या कढईत चरबी किंवा तेल तापवून बारीक चिरलेला कांदा कडा सोनेरी होईपर्यंत परता. लसूण घालायचा तर अगदी शेवटी घाला, कारण तो करपला की सगळे कडू होते. बीन्स दोन-तीन वेळा करून घाला, प्रत्येक वेळी ठेचा आणि पळीभर गरम रस घाला. कालथा कढईच्या तळावरून ओढल्यावर पडलेली वाट क्षणभर दिसावी आणि मग हळूहळू भरून यावी, इतके सैल असतानाच गॅस बंद करा. तुम्हाला ते फार पातळ वाटेल, पण स्टार्च गार होताना पाणी धरून घट्ट होतो, म्हणून ताटात जसे हवे त्याहून कढईत सैलच हवे. आंबटपणा हवा असेल तर लिंबू आता पिळा. टोमॅटो आवडत असेल तर कच्चा, बारीक चिरून वरून घाला.

पाव किलो कोरड्या पिंटोचे शिजल्यावर साधारण तीन कप होतात, त्या हिशेबाने पाहुण्यांचा अंदाज घ्या.

रानजाई :
कालचे बीन्स चिमूटभर सोडा घालून पुन्हा शिजवले. अर्ध्या तासात पूर्ण मऊ झाले आणि साबणासारखी चव मुळीच आली नाही. नवे बीन्स मिठाच्या पाण्यात भिजत घातले आहेत. आता एकच सांगा : हे आदल्या दिवशी करून ठेवता येतील का? शनिवारी सकाळी मला वेळ नाही.

उंबरठा :
येतील, पण कढईतच झाकून रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजवलेल्या बीन्समध्ये जिवाणू वेगाने वाढतात आणि काहींचे बीजाणू उकळीतही टिकून राहतात. पसरट भांड्यात पातळ थर करून लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस चांगले राहतात.

चुलीपाशी :
आणि रस वेगळ्या डब्यात ठेवायला विसरू नका. फ्रिजमधून काढल्यावर बीन्स वडीसारखे घट्ट झालेले दिसतील. ते बिघडलेले नसतात. कढईत चमचाभर चरबी किंवा तेल तापवून त्यात बीन्स मोडून घाला, रस गरम करून थोडा थोडा ओतत मंद आचेवर ढवळा, आणि बुडबुडे येईपर्यंत सगळीकडून नीट तापवा. मीठ तेव्हा पुन्हा चाखून पाहा, कारण रसातही मीठ आहे. वर चीज किसून घालणार असाल तर आच बंद केल्यावर घाला.