‘एवढा घोडा झालास’ की ‘अजून लहान आहेस’?

दर्याकाठ (हर्णै): १ जूनला मासेमारी बंदी लागली की बंदरावर गप्पांना ऊत येतो. यंदाचा विषय : दहावी झालेल्या पोराला १ ऑगस्टपासून होडीवर न्यायचं का? दोन तास ऐकलं. पोराला काय जमतं, यावर कोणी बोललंच नाही. होडीवर न्यायचा तर ‘एवढा घोडा झालाय’, मोबाईल मागितला की तोच ‘अजून लहान’. एकाने श्लोक फेकला, ‘प्राप्ते तु षोडशे वर्षे पुत्रं मित्रवदाचरेत्’, सोळावं लागलं की पोराला मित्रासारखं वागवा म्हणून. सगळे गार! त्याच श्लोकात आधी ‘दश वर्षाणि ताडयेत्’ आहे, दहा वर्षं बडवा म्हणून. तो तुकडा सोयीने गिळला. आधी नाव ठेवायचं, मग त्यावरून निर्णय लावायचा, ही लबाडी आहे.

आंब्याचा बाठा: लबाडी कसली? शब्दाने पोरगं उभं राहतं. सोळाव्या वर्षी मला ‘घोडा’ म्हणून झेला (आंबे काढायची जाळीची काठी) हातात दिला, पेट्या भरायला लावल्या. आणि आता कोणी वयाचा कायदा काढू नका. मतदानाचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ झालं, म्हणून पोरं एका रात्रीत शहाणी झाली का? आणि शिवाजी महाराज कोवळ्या वयात...

खाडीपलीकडची: आलेच महाराज! या वादात त्यांचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. जिजाऊंसारखी आई मात्र कोणी आणत नाही. बरं, मुलींचं काय? बारा वर्षांची पोर मासळीची पाटी घेऊन बाजारात बसते, घरी येऊन भाकऱ्या थापते, तिच्यासाठी ‘जबाबदारी’ हा शब्दसुद्धा खर्च होत नाही. ‘उद्या परक्या घरी जायचंय’, एवढ्यात विषय संपतो.

आंब्याचा बाठा: ताई, विषय भरकटतोय.

खाडीपलीकडची: नाही हो, तिथेच आहे.

तांडेलाचा पुतण्या: खरं सांगू? खलाशी मिळत नाहीत. नेपाळहून येणारे आगाऊ पैसे मागतात. तेवढे खिशात नाहीत म्हणायला लाज वाटते, म्हणून ‘पोराला जबाबदारी कळू दे’. माझ्या घरीही हेच वाक्य होतं. अकरावी राहिली ती राहिलीच.

आंब्याचा बाठा: हे मात्र खोडता येणार नाही. तरी म्हणेन, काम वाईट नाही.

मालवणी माणूस: माका एक सांगा, त्या झिलाक कोणी इचारल्यान काय?

दर्याकाठ (हर्णै): नाही. तिथेच बसून जाळं सांधत होता. मीही नाही विचारलं.