मदत हवी आहे : नाताळच्या भेटीसाठी हातमागाची हिमरू कशी ओळखायची?

येत्या रविवारी जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला हस्तकला प्रदर्शन बघायला जाणार आहे. यंदा नाताळच्या भेटी हाताने केलेल्याच द्यायच्या, असं घरात ठरलंय. आत्या आणि आमचे पाळकसाहेब यांना हिमरूची (संभाजीनगरच्या पारंपरिक नक्षीदार विणीच्या कापडाची) शाल किंवा मफलर, बाकी चौघांना लमाणी भरतकामाचे बटवे. सगळं मिळून ५००० रुपये.

गेल्या वर्षी एका दुकानातून ‘हातमागाची’ म्हणून घेतलेली शाल यंत्रमागाची निघाली. आत्या काही बोलली नाही, पण मला फार लागलं. म्हणून या वेळी आधीच विचारतोय.

पैठणी उलटून बघायची, हे माहीत आहे. हातमागाची असेल तर पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. हिमरूला मात्र ही कसोटी चालत नाही. सुती ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) नक्षीसाठी जादा बाणा (आडवा धागा) घातलेला असतो, त्यामुळे हाताने विणलेल्या हिमरूच्याही मागे मोकळे धागे असतात. हातमागाच्या सरकारी चिन्हाचं लेबल बघेनच. पण ते नाही म्हणून एखाद्या खऱ्या विणकराचा माल नाकारायचा, हेही मनाला पटत नाही.

ऑनलाइन नको, हात लावूनच घ्यायचंय. परतीची बस चारची आहे, त्यामुळे फार फिरणं जमणार नाही.

हिमरू हातात घेतल्यावर काठ, वीण, वजन यांत नेमकं काय बघू? विणकराला कोणता प्रश्न विचारला की खरं कळेल? आणि या पैशांत शाली बसतील, की मफलरच बघू?