एक कोटीच्या आसपास: नवी बीएमडब्ल्यू एम२ की वापरलेली पोर्शे ७१८ केमन?

भोसरीकर

नमस्कार मंडळी. भोसरीत स्वतःचं मशीन शॉप आहे. धंद्याचं मोठं कर्ज दिवाळीत फिटलं, आणि आता कॉलेजपासून मनात असलेली गोष्ट करायची आहे: स्पोर्ट्स कार. रोजच्या कामाला इनोव्हा आहे, ती राहणारच. ही गाडी रविवारी पहाटे पसरणी, ताम्हिणी, अधूनमधून मुंबई, आणि जमलं तर वर्षातून एकदा ट्रॅक.

दोन पर्याय समोर आहेत. एक, नवी बीएमडब्ल्यू एम२. २०२४ च्या अखेरीस नव्या रूपात आली तेव्हा एक्स-शोरूम १ कोटी ३ लाख होती. दुसरी, मुंबईतली २०१८ ची पोर्शे ७१८ केमन, दोन लिटर टर्बो, पीडीके (पोर्शेचा दोन क्लचवाला ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, एकच मालक. तो ऐंशी लाखांच्या आसपास म्हणतोय. घरात बायको आणि नववीतली मुलगी. जे सांगाल ते कारणासकट सांगा.

सरळसहा

दादा, एम२ घ्या, आणि मॅन्युअलच घ्या. सहा सिलिंडर, रिअर व्हील ड्राइव्ह आणि डाव्या पायाखाली क्लच अशी नवी गाडी भारतात आज शोधायला गेलात तर एका हाताची बोटंही पुरी होणार नाहीत. इंजिन तेच जे एम३ आणि एम४ ला आहे, तीन लिटर, दोन टर्बो, ४८० एचपी. केमनची ताकद ३००. शून्य ते शंभर एम२ मॅन्युअल ४.२ सेकंदांत जाते, ऑटोमॅटिक ४ सेकंदांत, आणि केमन पीडीकेला ४.९ लागतात.

आकडे सोडा, आवाज ऐका. २०१६ मध्ये पोर्शेने केमनचे सहा सिलिंडर काढून चार केले, तेव्हा जगभरचे पोर्शेवाले नाराज झाले. शेवटी २०२० मध्ये केमनच्या जीटीएस या वरच्या मॉडेलमध्ये चार लिटरचं सहा सिलिंडर इंजिन कंपनीलाच परत आणावं लागलं. तुम्हाला मिळतेय ती मधल्या काळातली चार सिलिंडरची गाडी. कॉलेजपासून ज्याची वाट बघितली ते चावी फिरवल्यावर कानाला जाणवायला हवं ना?

वाईचा_नाना

माझं मत सरळ उलट आहे. केमन घ्या. मी वाईत राहतो, पसरणी घाट माझ्या रोजच्या वाटेवर आहे, आणि माझ्याकडे आधीच्या पिढीतली केमन आहे. त्यामुळे पुस्तकातलं नाही, रस्त्यावरचं सांगतो.

घाटात ४८० घोडे वापरायला जागाच नसते. एम२ चा दुसरा गिअर पुरता ताणायच्या आत वळण येतं, मग ब्रेक, मग पुन्हा तेच. मजा गाडी वळणात कशी शिरते यात असते, आणि तिथे वजन बोलतं. एम२ सतराशे किलोच्या आसपास, ही केमन पीडीके धरून १३६५. तीनशे किलोंचा फरक म्हणजे चार धडधाकट माणसं! त्यात केमनचं इंजिन दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधे, सीटच्या पाठीमागे. भरलेली घागर हात लांब करून धरा आणि वळा, मग कमरेवर घेऊन वळा. फरक कळायला ट्रॅक लागत नाही.

आता रुंदी. एम२ १८८७ मिलिमीटर, केमन १८०१. साडेआठ सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. समोरून एसटी आपली बाजू सोडून वळण घेते तेव्हा ते किरकोळ राहत नाहीत.

आणि ज्याचा विचार कुणीच करत नाही तो स्पीडब्रेकर. सगळे फक्त ग्राउंड क्लिअरन्स विचारतात. पण गाडीचं पोट घासतं ते पुढची चाकं उतरलेली आणि मागची अजून चढायची असताना, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर जितकं जास्त तितकी पंचाईत. एम२ चा व्हीलबेस २७४७ मिमी, केमनचा २४७५. सव्वीस-सत्तावीस सेंटिमीटर कमी! गावागावांत लोकांनी स्वतःच घातलेले उंच गतिरोधक आहेत, तिथे केमन थोडी तिरकी घेतली की बहुतेक वेळा निघते.

टायर बघा. एम२ ला मागे २८५/३० आर२० (रुंदी २८५ मिमी, उंची तिच्या ३० टक्के, रिम २० इंची). म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यामध्ये रबराची उंची साडेपंच्याऐंशी मिमी. केमनला मुळात येणारं १८ इंची चाक असेल तर मागे २६५/४५, म्हणजे ११९ मिमी. पावसाळ्यानंतर ताम्हिणीत जाऊन या, हे साडेतीन सेंटिमीटर कशासाठी लागतात ते समजेल. मात्र आधी बघून घ्या, त्या गाडीवर कुणी हौसेने २० इंची चाकं घेतली असतील तर हा माझा मुद्दा रद्द.

मंजिरी_कोथरूड

नानाकाका, तुमचं सगळं पटलं, पण केमनला मागे सीटच नाही! दादांना मुलगी आहे. एम२ ला मागे दोन सीट आहेत, अगदी ऐसपैस नसल्या तरी नववीतली मुलगी पुण्याहून पाचगणीला आरामात जाईल. शिवाय ३९० लिटरची डिकी. जी गाडी घरातल्या एका माणसाला कायम मागे ठेवून निघते, ती दोन वर्षांत कव्हरखाली उभी राहते. आमच्या सोसायटीत अशी एक आहे. रविवारी धुतात आणि परत झाकतात.

वाईचा_नाना

मंजिरीताई, तिघांनी निघायचं असेल तेव्हा इनोव्हा आहेच की. स्पोर्ट्स कारमध्ये एका वेळी एकीला घेऊन जा. मुलगी मागे मोबाइलमध्ये डोकं घालून बसण्यापेक्षा शेजारी बसून वळण मोजेल. सामानाचं म्हणाल तर केमनला पुढच्या बोनेटखाली १५० लिटरचा खोल कप्पा आहे आणि मागच्या काचेखाली आणखी एक. दोघांचं दोन दिवसांचं सामान सहज मावतं.

सरळसहा

नाना, वजनाचं मान्य. पण २०१८ च्या गाडीच्या वॉरंटीचं काय? पीडीके उत्तम गिअरबॉक्स आहे, बिघडला तर मात्र भारतात त्याला हात लावणारे मोजकेच, आणि बिल लाखांत जातं. नव्या एम२ ला तो घोर नाही. शिवाय ७१८ चं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं. सुटे भाग बरीच वर्षं मिळतील, पोर्शे त्याबाबत चोख आहे, पण सगळं बाहेरून येणार आणि गाडी लिफ्टवर वाट बघणार.

ट्रॅकचंही बघा. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटची मागची सरळ पट्टी एक किलोमीटरहून लांब आहे. तिथे ३०० एचपीची गाडी घेऊन गेलात तर आरशातच बघत बसावं लागेल.

वाईचा_नाना

नोएडाला पुण्याहून गाडी ट्रकवर घालून कोण नेतो? आपल्याला त्यातल्या त्यात जवळचं कोइंबतूर. तिथला करी मोटर स्पीडवे जेमतेम २.१ किलोमीटरचा, वळणाला वळण लागून. हलकी गाडी तिथेच शोभते, आणि ब्रेक, टायरही जास्त टिकतात.

आकडेमोड

दोघांच्या भांडणात पैसा राहिला. मी विमा आणि वाहनकर्जाच्या कामात आहे, म्हणून तेवढंच.

एम२ ची किंमत एक्स-शोरूमवर थांबत नाही. आरटीओचा एकरकमी कर, विमा, सगळं धरून ऑन-रोड आकडा काढा. एकट्या कराची रक्कमच लाखांत दोन आकडी होते. पहिल्या तीन वर्षांत सगळ्यात मोठी घट तुम्हीच सोसणार. केमनची ती घट पहिल्या मालकाने सोसलेली आहे.

उलट बाजूने, २०१८ च्या गाडीला झिरो डेप विमा (भागांच्या जुनेपणाची घट न कापता भरपाई देणारा) मिळणं कठीण. मिळाला तरी महाग. बंपर आणि दिवे यांची किंमत एकदा विचारून ठेवा, म्हणजे झिरो डेप नसणं काय असतं ते कळेल. पावसाळ्यात चालवणार असाल तर इंजिन प्रोटेक्ट हे जादा कवच दोन्ही गाड्यांना घ्याच. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साध्या पॉलिसीत दावा नाकारला जातो.

केमनचा नोंदणी क्रमांक मुंबईचा आहे की दुसऱ्या राज्याचा, हे आधी बघा. कर वाचवायला बऱ्याच महागड्या गाड्या बाहेर नोंदवलेल्या असतात. तशी निघाली तर एनओसी आणि महाराष्ट्राचा कर हे सगळं तुमच्या गळ्यात. माझं मत विचाराल तर ऐंशी लाखांत केमन महाग आहे. ही गाडी २०१७ मध्ये भारतात नवी आली तेव्हाच एक्स-शोरूम ८० लाखांच्या थोडी वर होती. सत्तरच्या आत आली तर घ्या, नाहीतर एम२.

सरळसहा

हेच तर! ऐंशीला आठ वर्षं जुनी चार सिलिंडर, की वर थोडे घालून नवी सहा सिलिंडर?

आकडेमोड

वर "थोडे" नाही, ऑन-रोड धरलं तर पस्तीस-चाळीस लाख. तो आकडा छोटा करून सांगू नका.

धायरीचा_पोऱ्या

माझी कुवत ह्युंदाई आय२० एन लाइनची, पण एक बोलतो. २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत जे झालं त्यानंतर पुण्यात पोर्शे म्हटलं की लोकांची नजर बदलते. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला तोंडावर बोलतो. ती गाडी वेगळी होती, चालवणारा वेगळा, पण दोन जीव गेले आणि लोक विसरलेले नाहीत, विसरूही नयेत. एक्सप्रेसवेवर शंभरची मर्यादा आहे आणि आता कॅमेरे आहेत. ४८० काय, ३०० काय, रस्त्यावर वापरायचे किती? या एका कारणासाठी मला नानांचं पटतं. जी गाडी साठ-सत्तरच्या वेगातही हातात जिवंत लागते ती घ्या. एम२ ला मजा यायला लागते तोवर लायसन्स धोक्यात असतं.

सरळसहा

वेगाबद्दल शंभर टक्के सहमत. पण साठच्या वेगात मजा कशात आहे सांगू? गिअर स्वतः टाकण्यात. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना टाच-पंजा करून (एकाच पायाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून) आरपीएम जुळवायचे. ते काम गाडीने परस्पर केलेलं नको असेल तर बंद करण्याची सोयही एम२ मध्ये आहे. पीडीके हे सगळं तुमच्यासाठी करून टाकतो, तेही तुमच्यापेक्षा चांगलं. मग तुम्ही करायचं काय? नाना, तुमची केमन मॅन्युअल आहे की पीडीके?

वाईचा_नाना

पीडीके. आणि घाट उतरताना दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात याचं मला समाधान आहे. पण तुमचा हा मुद्दा मी खोडणार नाही. दादांना क्लच हवाच असेल तर ही केमन त्यांची नाही.

भोसरीकर

सगळ्यांचे आभार. आज मुंबईत जाऊन केमन बघितली. नोंदणी महाराष्ट्राचीच आहे. चाकं मात्र २० इंची, पुढे २३५/३५, मागे २६५/३५. म्हणजे नानांच्या हिशेबाने पुढे ८२ मिमी, एम२ पेक्षाही कमी. बसण्याची जागा खाली, पण पेडल, स्टिअरिंग आणि सीट एका रेषेत आहेत. मशीनवाला माणूस म्हणून ते लगेच जाणवलं. एम२ ची मॅन्युअल टेस्ट ड्राइव्ह पुढच्या आठवड्यात. क्लच हवा की नको, याचं उत्तर खरंच अजून माझ्याकडे नाही.

वाईचा_नाना

२० इंची असतील तर किमतीत ते कापून घ्या. १८ इंचीचा पूर्ण सेट आणि टायर तुम्हालाच शोधावे लागतील, आणि २०२० पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, हवा तो साइज लगेच मिळेलच असं नाही. मालकाकडून सर्व्हिस सेंटरचा डीएमई रिपोर्ट, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी, मागा. त्यात इंजिन किती तास चाललं ते असतं. किलोमीटरला तासांनी भागलं की गाडी मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रखडली की हायवेला पळली ते कळतं. मर्यादेपलीकडे इंजिन फिरवलं असेल तर त्याचीही सहा टप्प्यांत नोंद असते.

सरळसहा

दादा, टेस्ट ड्राइव्हला ऑटोमॅटिक पुढे केली तर घेऊ नका, मॅन्युअल येईपर्यंत थांबा. आणि हाही विचार करा, जुनी केमन पाच वर्षांनीही बाजारात सापडेल. मॅन्युअल गिअरची नवी एम२ तेव्हा मिळेल याची खात्री कुणीही देत नाही.

वाईचा_नाना

पाच वर्षांनी ती केमन तेरा वर्षांची असेल हो. भोसरीकर, मालक पुन्हा गाडी दाखवणार असेल तर कळवा. मी येतो. लिफ्टवर घेऊन पोटाखालची प्लास्टिकची आवरणं काढून बघू, स्पीडब्रेकरने किती खाल्लंय ते तिथेच दिसेल, मग किमतीचं बोलू.