घरच्या जेवणातल्या कॅलरी तुम्ही कशा मोजता? (सहा माणसं, एक कढई)

मधली_सून
घरात सहा जण, स्वयंपाक एकत्र, आणि तो बहुतेक सासूबाईच करतात. मला वजन कमी करायचंय. डॉक्टरांनी सांगितलंय, त्यामुळे 'कशाला हवं हे' यावर चर्चा नको. आहारतज्ज्ञांनी दिवसाला १५०० कॅलरी ठरवून दिल्यात. अडतं ते पुढे. अ‍ॅप विचारतं, भाजी किती वाट्या? आमच्याकडे वाट्याच तीन आकाराच्या. मटकीची उसळ शोधली तर एकाच नावाच्या ढीगभर नोंदी, आणि लहान-मोठ्या आकड्यांत दुपटीचा फरक. कुठली धरायची? ताटाशेजारी वजनकाटा मांडून जेवणं आमच्याकडे जमणार नाही. पहिल्याच दिवशी चौकशी समिती बसेल. कुणाची पद्धत खरंच टिकली असेल तर सांगा.

काटेकोर
ताटात मोजूच नका. डब्यातून बाहेर पडताना मोजा.

आपल्या जेवणात आकडा फिरवणाऱ्या गोष्टी चार-पाचच: तेल-तूप, कणीक, तांदूळ, शेंगदाणे-खोबरं, साखर. दुधी की पडवळ, याने फारसा फरक पडत नाही. एक ग्रॅम स्निग्धांश म्हणजे ९ कॅलरी, पिठूळ पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅमला ४. म्हणून आधी तेल पकडा. महिन्याला घरात किती तेल येतं? समजा ५ लिटरचा एक डबा. तेल पाण्याहून हलकं, म्हणजे साधारण ४६०० ग्रॅम. सहा माणसं, तीस दिवस: माणशी रोज २५ ग्रॅम, म्हणजे जवळपास २३० कॅलरी. हा आकडा रोज सकाळीच जमेस धरून टाकायचा, मग कुठल्या भाजीत किती फोडणी पडली याचा हिशेब संपला. तूप वेगळं धरा. चमचाभर तूप ४५.

पोळ्यांचंही तसंच. परातीत कणीक घेताना एकदा वजन करा आणि पोळ्या मोजा. ३० ग्रॅम कणकेची पोळी १०० कॅलरीच्या आसपास, वरून लावलेलं तेल सोडून. हात एकच असला की पोळीचा आकार सहसा बदलत नाही, त्यामुळे हे काम रोज करावं लागत नाही.

भाकरतुकडा
वरच्याला +१. त्यात वाटीची भर घालते. तुमची नेहमीची वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. आहारतज्ज्ञ बहुतेक वेळा १५० मिलीची वाटी धरतात. आमची निघाली १९०ची. मग तीच एक वाटी 'माझी' म्हणून ठेवायची.

भाकरी खाणाऱ्यांसाठी: ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी २०० कॅलरीच्या जवळ जाते. 'भाकरी हलकी' म्हणून दोन खाल्ल्या की चार पोळ्या झाल्या, हे कुणी सांगत नाही. (भाकरी सोडा असं म्हणत नाहीये! सोबतच्या ठेच्यातलं तेल आणि शेंगदाणे मात्र बघा.)

उंटावरून
आमचे आजोबा नव्वदीपर्यंत ताठ चालले, कधी काही मोजलं नाही. ताटात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीला द्या, रात्री लवकर जेवा. झालं.

काटेकोर
अर्ध्या ताटाचं पटतं. ज्यांना आकडे लिहायचा जाच होतो त्यांच्यासाठी ते पुरेसंही आहे. पण मधली_सून यांना १५०० दिलेत. अर्ध्या ताटात कोशिंबीर असली तरी त्यावर दोन मोठे चमचे दाण्याचं कूट पडलं तर ते शंभरच्या पुढे जातं. आजोबा दिवसभर पायी हिंडत असतील, हेही धरा.

चहाबाज_पुणे
अ‍ॅपमधल्या नोंदी बऱ्याच ठिकाणी वापरणारेच भरतात, म्हणून इतका गोंधळ. 'उसळ' शोधू नका, 'मटकी, कच्ची' शोधा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढलेत, त्यात आपली धान्यं-कडधान्यं आहेत. मात्र ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलीय, ४.१८ने भागा. पाकिटावरचे आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका वाढपाचे, तेही बघा.

आणि चहा! दोन चमचे साखर ४०, पाऊण वाटी फुल क्रीम दूध घातलंत तर आणखी शंभर. असे तीन कप म्हणजे चारशेच्या वर. मी दूध टोन्ड केलं, साखर अर्धा चमचा. कप कमी केले नाहीत, ते माझ्याच्याने होणार नाही.

संकष्टीवाली
उपासाच्या दिवशी जरूर लिहा. एक बशी खिचडी: साबुदाणा ६० ग्रॅम (२१०), कूट २५ ग्रॅम (१४०), तूप दोन चमचे (९०). ४४० झाले, आणि तासाभरात पुन्हा भूक. वरी आणि दाण्याची आमटीही मोजून बघा, धक्का बसेल.

निशिगंध_७
एक वेगळा मुद्दा. आकड्यांवरून मनाला टोचणी लागणं, मुद्दाम उपाशी राहणं असं ज्यांचं पूर्वी झालंय त्यांनी मोजणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनीही जेवण स्वतःच्या मनाने कमी करू नये. आणि घड्याळाने दाखवलेल्या 'जाळलेल्या' कॅलरी जेवणात परत घेऊ नका. ते आकडे अंदाजाचे असतात.

मधली_सून
सगळ्यांचे आभार. तेलाच्या डब्याची कल्पना सासूबाईंना फारच आवडली, कारण त्यात त्यांच्या हाताला कुणी काही म्हणत नाही. उलट 'सहा माणसांना पाच लिटर? आमच्या वेळी तीनात भागायचं' असं त्यांनीच ऐकवलं. वाटी पण ठरली. आता अडलंय ते आमटी-उसळीवर. डाळ किती टाकली ते कळेल, पण माझ्या वाट्याला त्यातली किती आली?

काटेकोर
शिजल्यावर पातेल्यासकट वजन करा, रिकाम्या पातेल्याचं वजा करा. समजा ३०० ग्रॅम कोरडी मटकी आणि उसळ भरली १५०० ग्रॅम, तर तुमच्या १५० ग्रॅमच्या वाढपात मटकी ३० ग्रॅम, म्हणजे शंभर कॅलरीच्या आसपास. तेल आधीच धरलंय, पुन्हा मिळवू नका. ओलं खोबरं किंवा कूट घातलं असेल तर तेही याच प्रमाणात. रिकाम्या पातेल्यांची आणि कढईची वजनं एकदाच करून कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवा, गरम भांडं रिकामं करत बसायला नको.