घरच्या घरीच ग्लुटेन पोटात जातंय, तुमच्याही हातून होतं का असं?

धांदरट_मी
सिलिअ‍ॅकचं निदान होऊन आठ महिने झाले, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लुटेन या प्रोटीनने माझ्या आतड्याला इजा होते. बाहेर मी इतकी सावध असते की सोबतचे लोक वैतागतात, घोळ होतो तो घरी. बाकी तिघं गहू खातात आणि स्वयंपाक माझ्याकडे. परवा मुलांचा पास्ता उकळत होता, शिजला का बघायला एक तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला आणि मग आठवलं!! मोह वगैरे काही नाही हो, हात आपोआप गेला. त्याआधी एकदा मुलीने टाकलेल्या ब्रेडच्या कडा ताट उचलता उचलता तोंडात. सहा महिन्यांच्या रक्ततपासणीत टीटीजी (या आजारात रक्तात वाढणाऱ्या अँटीबॉडीचा आकडा) उतरलंय पण नॉर्मल नाही, डॉक्टर म्हणाले कुठून तरी जातंय, शोधा. एवढ्या दोन चुकांनी होतं का हे? आणि खाल्लं गेलं तर नंतर काही औषध असतं का?

जुनीखोड
औषध नाही. ग्लुटेन पचवणाऱ्या म्हणून गोळ्या मिळतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. पाणी प्यायचं, साधं खायचं, पडून राहायचं, आणि मुद्दाम उलटी काढायला जाऊ नका. त्रास कधी तासाभरात सुरू होतो कधी दुसऱ्या दिवशी.

पण टीटीजीचं खापर पास्त्याच्या एका तुकड्यावर फोडू नका. एक तर सुरुवातीला आकडा खूप वर असेल तर नॉर्मलला यायला वर्ष किंवा जास्तही लागतं. दुसरं, खरा वांधा रोज नकळत जाणाऱ्याचा असतो. रोज 50 मिलीग्राम ग्लुटेन तीन महिने दिलं तर आतड्याच्या अस्तराला इजा दिसली असं संशोधन आहे, आणि ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये ग्रॅमच्या हिशोबात असतं, म्हणजे रोजचा चिमूटभर चुरा पुरतो. तुम्हाला आठवतात त्या चुका सोडा, ज्या कळतच नाहीत त्या शोधा. टोस्टर एकच आहे का? पास्ता गाळायची चाळणी? लोण्याचा डबा?

तिसरा_चहा
माझं सोया सॉस निघालं. वर्षभर भातावर ओतत होतो, त्यात गहू असतो हे कुणी सांगितलंच नाही आणि मी पण वाचलं नाही. नंतर माल्ट (ते बार्लीचं असतं), मग ओट्स, साधे ओट्स गव्हासोबत एकाच मशीनवरून जातात त्यामुळे ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच घ्या. आणि 'गहू नाही' लिहिलंय म्हणजे ग्लुटेन नाही असं नसतं, बार्ली असू शकते. ग्लुटेन-फ्रीची मर्यादा बऱ्याच ठिकाणी किलोमागे 20 मिलीग्राम आहे.

बिनधास्त७७
एवढं काय टेन्शन घेता, थोडं थोडं खाल्लं की शरीराला सवय होते. माझ्या भावाला पण आहे, केक खातो, काही होत नाही त्याला.

जुनीखोड
@बिनधास्त७७ होत नाही की दिसत नाही? मला पण पोटात कधी दुखलं नाही, हिमोग्लोबिन का वाढेना म्हणून तपासणी केली तेव्हा सापडलं. लक्षणं नसताना पण आतड्याची वाट लागू शकते. भावाला एकदा टीटीजी करायला सांगा, खरंच.

तिसरा_चहा
अजून एक, पीठ. घरात कोरडं गव्हाचं पीठ चाळलं की ते हवेत उडून ओट्यावर, भांड्यांवर बसतं. आणि गरम केल्याने ग्लुटेन मरत नाही, ते प्रोटीन आहे जंतू नाही. ज्या तेलात ब्रेडक्रम्सवालं काही तळलं त्यात तुमचं तळू नका.

धांदरट_मी
सापडलं बहुतेक 😭 लोण्याचा डबा! काल मुलाला बघितलं, ब्रेडला लावलेली सुरी परत डब्यात, तळाशी चुरा होता आणि मी रोज सकाळी त्यातलंच खाते. आठ महिने!! रागवू तरी कुणावर, सांगितलंच नव्हतं कुणाला. आता माझा डबा वेगळा, चाळणी वेगळी. तीन महिन्यांनी परत टेस्ट आहे. आणि मुलांचं करताना तोंडात च्युइंगम ठेवते, त्यामुळे चव बघायला हात गेला तरी तोंड रिकामं नसतं.

तिसरा_चहा
च्युइंगमचं लेबल वाचलं ना?

धांदरट_मी
वाचलं. दोनदा.