डोस वाढवल्यावर राग उलट वाढला: स्किझोफ्रेनिया

विचारणा: भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्यावरच्या हॅलोपेरिडॉल या औषधाचा डोस वाढवल्यापासून तो जास्तच चिडतोय. रात्रभर येरझाऱ्या घालतो, जेवताना मध्येच उठतो, आईने अडवलं की अंगावर धावून जातो. आजार बळावला समजायचं का? आई गोळी वरणात कालवून द्यायचं म्हणतेय.

मनोविकार परिचारिका: ताई, आधी अकॅथिसिया, म्हणजे औषधामुळे एका जागी बसवत नाही अशी अस्वस्थता, आहे का ते बघा. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी, विशेषतः डोस वाढवल्यावर काही दिवसांत, आतून तगमग सुरू होते. त्याला सरळ विचारा, "आवाज ऐकू येतात म्हणून उठतोस, की पाय एका जागी राहत नाहीत म्हणून?" उभं असताना सतत या पायावरून त्या पायावर भार देणं ही मोठी खूण. हीच तगमग आजार समजून डोस आणखी वाढवला की त्रास चिघळतो. डॉक्टर डोस उतरवतात, औषध बदलतात किंवा प्रोप्रॅनोलॉल जोडतात. दमा असेल तर आधीच सांगा, कारण प्रोप्रॅनोलॉल दम्यात चालत नाही. येरझाऱ्यांचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ घ्या, कारण ओपीडीत तेवढा वेळ रुग्ण शांत बसू शकतो. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.

समुपदेशक: वरणात अजिबात नको! एकदा चव लागली की 'घरचे विष घालतात' हा संशय पक्का होतो आणि राग निघतो तो वाढणाऱ्या आईवरच. गोळी टाळत असेल तर महिन्यातून एकदा द्यायच्या पॅलिपेरिडोन इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी बोला. तो चिडलेला असताना एकानेच बोलावं, हळू आवाजात. दाराची वाट अडवू नका, हात धरू नका. भ्रमावर वाद नको, होकारही नको. "तुला भीती वाटतेय, कळतंय मला" एवढं पुरे. शांत असताना विचारा: आवाज काही करायला सांगतात का? कुणाविरुद्ध? आईचं नाव आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दारू-गांजाचीही चौकशी करा.

कायद्याबद्दल थोडं: हातात हत्यार असेल तर समजूत घालत थांबू नका, बाहेर पडून ११२ लावा. एरवी सल्ल्यासाठी टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम ९४ प्रमाणे, आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. रुग्ण तयार नसेल तर कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने उपचारांच्या निर्णयात मदत करणाऱ्या व्यक्तीच्या) अर्जावर, दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर, ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं.

परिचारिका: एक राहिलं. दोन औषधं पुरेशा डोसने, पुरेसा काळ देऊनही मारहाण थांबत नसेल तर क्लोझापिन या औषधाबद्दल विचारा. त्याने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या या पेशींची तपासणी लागते, ती चुकवायची नाही.